चिखलाची सायकल

शांता आणि मी मिळून शेवटचं जे काम केलं ते पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलायचं. अंगणात ऊन होतं, मधे पितळी परात, एका बाजूला ती, एका बाजूला मी. ती चार शेंगा सोलायची तेव्हा माझी एक व्हायची, आणि माझ्या दाण्यांत सालं जायची ती शांता वेचून काढायची. शेंगा संपल्या. तिनं परात उचलली, म्हणाली, "मी जरा पडते, चार वाजता चहाले उठवा." मी चार वाजता उठवायला गेलो तर ती उठली नाही. बस, इतकंच. डॉक्टरनं काय काय सांगितलं ते मुलाला माहीत आहे. मला त्यातलं काही समजलं नाही आणि समजून घ्यायचंही नव्हतं.

त्या दुपारी शेंगा सोलता सोलता आमचा वाद सुरू होता. वाद जुना, सायकलचा. आमची नात मुक्ता पुण्याला नोकरी करते. दिवाळीला येताना तिनं गाडीच्या टपावर बांधून एक सायकल आणली होती. म्हणाली, "आबा, ही साधी सायकल नाही, सायक्लोक्रॉस आहे." मी म्हटलं, मी जन्मभर सायकली उघडल्या, मला फरक सांग. तिनं सांगितला. टायरवर गाठी आहेत, चिखल धरून ठेवायला. टायर आणि फोर्क यांच्यामधे बोट जाईल एवढी जागा आहे, चिखल अडकू नये म्हणून. मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरियर नाही. ब्रेकच्या तारा दांड्याच्या वरच्या अंगानं नेल्या आहेत, कारण दांड्याखाली खांदा घालून सायकल उचलायची असते. आणि पायडल हलकं, चढावर आणि गाळात फिरावं असं. साधी सायकल सगळीकडे थोडी थोडी चालते, म्हणाली, ही जिथं रस्ता संपतो तिथं चालते. परदेशात लोक भर थंडीत शेतातून हिच्या शर्यती लावतात, हौस म्हणून. हौसेनं चिखलात जाणारे लोक मी पहिल्यांदाच ऐकले.

मी शांताकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. मग ती उठली. गुडघे धरलेले, तरी उठली, दांड्याखाली उजवा खांदा घातला आणि ती सायकल उचलून अंगणात दोन पावलं चालली. मुक्ता धावली, "आजी, पडशील." शांता म्हणाली, "पडत नाही. आपली जड होती याच्याहून." मुक्तानं विचारलं, आपली कोणती? तेव्हापासून मी ती गोष्ट सांगायला लागलो आणि शांता मला मधे मधे टोकायला लागली. शेवटच्या दुपारीही तेच. "लिहूनच ठेवा एकदाची," म्हणाली, "पण खरं लिहा. आपला मोठेपणा नका लिहू." आता टोकणारं कोणी नाही, म्हणून खरं लिहिणं मलाच भाग आहे. माझं शिक्षण सातवी नापास. शुद्धलेखन मुक्ता पाहील. बाकीचं जसं आहे तसं.

आमचं घर नागपूरच्या इतवारीत, भांड्यांच्या ओळीच्या मागच्या गल्लीत. समोर बाबांचं सायकलचं दुकान, मागे दोन खोल्या, मधे मोरी आणि वर पत्रा. सकाळी डोळे उघडायच्या आधी कान उघडायचे. ठोकणाऱ्यांचे हातोडे सुरू झालेले असायचे. तांब्याचा आवाज वेगळा, पितळेचा वेगळा, आणि ॲल्युमिनियम आलं तेव्हा त्याचा आवाज ऐकून माय म्हणायची, "हे काही भांडं नाही, डबडं आहे." हातगाडीवाले "बाजू, बाजू" करत जायचे. त्या सगळ्या गोंगाटात बाबा सायकल ऐकायचे. दुरुस्त झालेली सायकल ते दोन्ही हातांनी वीतभर उचलायचे आणि फरशीवर सोडून द्यायचे. पडताना ती खुळखुळली की कुठला नट ढिला आहे ते बरोबर सांगायचे. मागच्या मडगार्डाची पट्टी, नाही तर चेनकव्हरचा खालचा स्क्रू. तो आवळायचा, पुन्हा उचलायची, पुन्हा सोडायची. अजिबात न खुळखुळता पडली तरच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. आमच्या गल्लीत लोक म्हणायचे, हा माणूस सायकल दुरुस्त करत नाही, पाडतो. पण सायकल आमच्याकडेच आणायचे. मी शाळा सोडली ती या कामाच्या ओढीनं, असं मी पुष्कळांना सांगितलं आहे. खरं म्हणजे गणितात दोनदा नापास झालो होतो.

माय रामटेककडची, धानाच्या मुलखातली. बाबा ज्वारीचे. त्यामुळं आमच्या ताटात भातही असायचा आणि भाकरही, आणि दोघांचं एकमेकांच्या अन्नावर बोलणंही असायचं. बाबा म्हणायचे, भातानं पोट भरत नाही, फुगते. माय म्हणायची, भाकरीनं माणूस भाकरीवानी होते, कोरडा. लाखोळीच्या डाळीचं वरण, अंबाडीची भाजी, आणि सणावारी वडा-भात. भातावर वडे कुस्करायचे आणि वरून लसूण-मिरचीचं कडकडीत तेल. तेल पडताना जो आवाज व्हायचा त्यासाठी बाबा हातातलं काम टाकून आत यायचे. मायच्या अन्नाची त्यांनी कधी तोंडानं तारीफ केली नाही. येऊन बसायचे, तीच तारीफ. हे मी त्यांच्याकडून शिकलो आणि शांताच्या बाबतीत जन्मभर तसंच केलं. ते चुकलं.

शांता पहिल्यांदा दुकानात आली ती तिच्या मामाच्या मागे. मामा आमच्याच ओळीत भांडी विकायचे. ही विशीची, रामटेकच्या पुढं एका खेड्यात सरकारी नर्स. पांढरं पातळ, आणि त्याच्या काठाला गुडघ्यापर्यंत चिखलाचा दुसरा काठ. एस.टी.च्या टपावरून तिनं सरकारनं दिलेली लेडीज सायकल आणली होती. मी ती धरायला गेलो तर चाक फिरेना. मडगार्ड आणि टायर यांच्यामधे चिखल भरून वाळला होता, विटेसारखा. बाबांनी वाकून पाहिलं.

"पोरी, ही सायकल आहे का चूल?"

"चूल असती तं बरं झालं असतं जी," ती म्हणाली. "पेटली तरी असती."

बाबा हसले. ते गिऱ्हाइकासमोर हसत नसत. मग त्यांनी बसायला पेटी दिली आणि ती सांगत गेली. तिच्याकडे चार गावं. तीन सडकेवर. चौथं नाल्यापलीकडे, धानाच्या बांध्यांमधून, पाणी अडवलेल्या शेतांतून जावं लागतं. उन्हाळ्यात सायकल जाते. पावसाळ्यात अर्ध्या वाटेवर चाक बसतं, मग ओढत न्यावी लागते, आणि तिकडच्या गरोदर बायांच्या फेऱ्या दोनदा चुकल्या. वरच्या मोठ्या बाई जीपमधून तपासणीला येतात. त्या म्हणाल्या, श्रावणात मी त्या गावात येईन, तेव्हा तू तिथं नसलीस तर हिला हे काम झेपत नाही असं वर लिहून देईन. नोकरी गेली की घरी जायचं. घरी मोठा भाऊ एका बिजवराला शब्द देऊन बसला होता, दोन लेकरांचा बाप, फक्त हिची नोकरी जायची वाट होती. हे सगळं तिनं असं सांगितलं जणू शेजारणीचं आहे. मी मागे चाकाचा वाक काढत होतो. मी तार जरा जास्तच आवळली आणि ती तुटली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

बाबांनी चिखल खरवडला, चाकं सरळ केली, सायकल दोनदा आपटली, दिली. ती गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, हे पुन्हा असंच येईन."

"येऊ दे."

"मडगार्ड काढून दिले तं?"

"दुकानातून नागडी सायकल जात नाही आपल्या. अन् चिखलात बैल जाते वामन्या, सायकल नाही. सायकल रस्त्याची वस्तू आहे."

पण ती पंधरा दिवसांत पुन्हा आली, आणि या वेळी मी हट्ट धरला. दोन्ही मडगार्ड काढले, चेनकव्हर काढलं. नवा टायर घातला. बाबांनी एकच अट घातली. काढलेलं सगळं सामान सुतळीनं कॅरियरला बांधून द्यायचं, म्हणजे दुकानातून निघताना सायकल पूर्ण निघाली असं होईल. मी तसं केलं. त्याआधी आमच्या गल्लीतल्या सार्वजनिक नळाखाली जो चिखल असायचा त्यातून ती सायकल मी दहा वेळा चालवून पाहिली. फर्रकन निघत होती. मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

आठ दिवसांत ती परत. रागावलेली नव्हती. सायकल टेकवून ठेवली आणि म्हणाली, "मिस्त्री, तुमचा चिखल अन् आमचा चिखल वेगळा आहे."

"म्हणजे?"

"तुमचा पिता येते. आमचा मळावा लागते."

माय आतून पदराला हात पुसत आली होती. ती म्हणाली, "खरं बोलून राहिली पोरगी. बांधीचा चिखल याच्या बापानंही पाहिला नाही."

"एकदा येऊन पाहा," शांता मला म्हणाली. "दुकानात बसून चिखल कळत नाही."

बाबांनी परवानगी दिली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मायनं रामटेकच्या मावशीसाठी पापडांचा डबा भरला. डबा पोचवायचा होता, म्हणून मी गेलो, असं ठरलं.

तो दिवस मला अजून पायात आठवतो. डोक्यात नाही, पायात. सडक सोडली आणि धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, निघालो, दोन्हीकडे पाणी भरलेल्या बांध्या, रोवणी चाललेली. बायांची रांग वाकून रोपं खोचत मागे मागे सरकत होती आणि गाणं चाललं होतं. धुरा जिथं फुटला होता तिथं बांधीत उतरावं लागलं. मी तिची सायकल हातात धरून उतरलो. तीन पावलं गेली आणि ब्रेकच्या नालात, चाकावरच्या लोखंडी कमानीत, चिखलाचा गोळा बसला. मडगार्ड नव्हते तरी बसला. टायर आणि फोर्क यांच्यामधे अर्धं बोट जागा होती, ती भरली. चाक थांबलं. मी ओढली, मी घोट्यापर्यंत गेलो. आणखी ओढली, पोटरीपर्यंत. गाणं थांबलं.

"ओ नर्सबाई, हा नवा कंपाउंडर कोठून आणला वं?"

"नागपुरातून," शांता म्हणाली.

"याले सायकलवर बसता येते, का सायकलच याच्यावर बसते?"

बाया हसल्या. शांताही हसली. मी चिडून ती सायकल उचलून डोक्यावर घ्यायला गेलो आणि हँडल फिरून माझ्याच तोंडावर आलं. तेव्हा मला कळलं की लेडीज सायकलला वरचा आडवा दांडा नाही, तर ती धरायची कुठं? चढायच्या-उतरायच्या सोयीनं बाईच्या सायकलचा दांडा खाली वाकवलेला, आणि उचलायची वेळ आली की हात घालायला जागाच नाही. त्या वाटेवर निम्मा वेळ माणूस सायकलवर असतं आणि निम्मा वेळ सायकल माणसावर. हे दुकानात बसून मला सात जन्मात समजलं नसतं. नाल्यापर्यंत गेलो. पाणी कमरेएवढं, धार साधी. ती म्हणाली, इथं मी हिले ओढत नेते, चेनमधे रेती जाते, पलीकडे चालतच नाही. मला ती वाट आवडली होती असं नाही. पण ती रोज या वाटेनं एकटी येते हे डोक्यातून जाईना.

परत आल्यावर मी बाबांना काही सांगितलं नाही, भंगारातून एक जुनी जेंट्स सायकल काढली. अठ्ठावीसची फ्रेम, पातळ नळीची, हलकी. तिला मी सव्वीसची चाकं घातली. चाक लहान, फ्रेम मोठी, म्हणून टायरच्या वर इंचभर मोकळी जागा निघाली. चिखल येईल आणि निघूनही जाईल. पण मग ब्रेक रिमपर्यंत पोचेना. ओळीतल्या एका ठोकणाऱ्याकडून मी ब्रेकचे पाय इंचभर लांब करून घेतले. स्टँड काढला, कॅरियर काढलं, घंटी ठेवली, कारण बांधीत गुरं असतात. मागचं अठरा दात्यांचं चक्र काढून बावीसचं घातलं, चेनमधे दोन कड्या वाढवल्या. वेग गेला, पण पाय हलका झाला. टायर जाड रबराचे घेतले आणि तापवलेल्या लोखंडी पट्टीनं त्यावर आडव्या खाचा पाडल्या. जळक्या रबराचा वास दोन दिवस घरात होता, मायनं त्या वासात जेवण केलं. शेवटी वरच्या दांड्याला जुन्या ट्यूबची पट्टी आणि त्यावर गोधडीचं फडकं गुंडाळून शिवलं, जिथं खांदा येतो तिथं. औषधांच्या पेटीऐवजी पाठीवर बांधायची पट्ट्याची पिशवी केली. मुक्ताच्या सायकलमधे यातलं जवळजवळ सगळं आहे. माझ्या आधी कोणी केलंच नव्हतं असं मी म्हणत नाही. मला माहीत नव्हतं, म्हणून मला ते स्वतः शोधावं लागलं.

बाबांचं लक्ष होतं. चौथ्या दिवशी म्हणाले, "बाईमाणसानं जेंट्स सायकलवर कसं बसायचं?"

मी चिखलाचा विचार केला होता, पातळाचा केला नव्हता. उत्तर मायनं दिलं. शांता सायकल न्यायला आली तेव्हा मायनं तिला आतल्या खोलीत नेलं. बाहेर आली ती काष्टा घालून, रोवणीच्या बाया घालतात तसा, घट्ट, गुडघ्याच्या वर खोचलेला. माय म्हणाली, "आमच्या इकडे बाया दिवसभर अशा वाकून राहतात, कोणाच्या पोटात दुखत नाही. सायकलवर बसली तं काहून दुखन?" बाबांनी मान खाली घातली. मग त्यांनी ती सायकल उचलली. दोन्ही हातांनी, वीतभर. आणि सोडली.

फरशीवर टायर आपटल्याचा धप्प असा आवाज झाला आणि बस. खुळखुळ नाही, खणखण नाही. मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही, स्टँड नाही, मग वाजणार काय? बाबांनी पुन्हा उचलली, पुन्हा सोडली. कान दिला. शेजारच्या ओळीतले हातोडे ऐकू येत होते, सायकल नाही. "आवाज नाही," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी कामाबद्दल ऐकलेला तो सर्वांत मोठा शब्द. शांताला ते म्हणाले, "हवा कमी ठेवत जा पोरी. टायर जरा बसला पाहिजे, मग पकडते." हे मला सुचलं नव्हतं.

मोठ्या बाईंच्या फेरीच्या आदल्या दिवशी मी माझी सायकल एस.टी.वर टाकून मावशीकडे गेलो. या वेळी पापडही नव्हते. मावशीनं मला वर खाली पाहिलं आणि भात वाढला. मी शांताला म्हटलं, मी सोबत येतो, काही मोडलं तर हाताशी असावं. तिनं बरं म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. मला तिला पार पोचवायचं होतं. मला वाटत होतं, हे मी करतो आहे.

सकाळी निघालो. आभाळ भरलेलं, पाऊस नव्हता. बाईंची जीप लांबच्या सडकेनं फिरून अकराच्या सुमारास त्या गावात यायची होती. पुढं शांता, काष्टा घातलेली, पाठीवर पिशवी. मागं मी, माझ्या सायकलवर. माझी सायकल चांगली होती, आठवड्याला पुसलेली, दोन्ही मडगार्ड, चेनकव्हर, डायनामो. शहरात कुठंही नेली तर मान ताठ राहील अशी. पहिली बांधी मी कशीतरी काढली. दुसऱ्या बांधीत चाक बसलं.

मी उतरून ओढली. मग काडीनं मडगार्डखालचा चिखल काढला. दहा पावलं गेलो, पुन्हा बसलं. शांता पुढच्या धुऱ्यावर थांबून मागे पाहत होती. तिच्या चाकावरून चिखल गळत होता, अडकत नव्हता.

"काय झालं मिस्त्री?"

"बसली."

"थांबू का?"

मी आभाळाकडे पाहिलं. दिवस किती वर आला ते ढगात कळत नव्हतं. घड्याळ आमच्या दोघांजवळही नव्हतं. तिनं थांबावं असं मला वाटत होतं, हे मी आज पहिल्यांदा लिहितो. तिनं थांबावं, मग मी दोन्ही सायकली खांद्यावर घेऊन तिला पार नेईन, असं काहीतरी मूर्खपणाचं डोक्यात होतं. मी म्हटलं, "थांबल्या तं पोहोचाल का?"

"नाही."

"मग जा ना. माझ्याकडे काय पाहून राहिल्या?"

ती वळली. नाला तिथून दिसत होता. काठाला ती उतरली, उजवा खांदा दांड्याखाली घातला, एका झटक्यात सायकल उचलली आणि पाण्यात शिरली. पाणी गुडघ्यावर, कमरेवर, पिशवीच्या खाली चार बोटं. मधे एकदा ती थांबली. हँडल धरलेला हात बदलला. मला एकच दिसत होतं, की गोधडीचं फडकं मी दोन बोटं पुढं शिवायला हवं होतं, वजन मागे जातं आहे. मग ती चालायला लागली. पलीकडे चढली, सायकल खाली ठेवली, पाय टाकला, आणि धुऱ्यावरून झाडांमागे गेली. मागे वळून पाहिलं नाही. पाहायला वेळ नव्हता.

मी तिथंच मोहाच्या झाडाखाली बसलो. दिवसभर. रोवणीच्या बाया दुपारी भाकर खायला आल्या. त्याच बाया. मला वाटलं आता हसतील. त्यातल्या एका म्हातारीनं भात आणि खेकड्याचा रस्सा पळसाच्या पानावर ठेवून माझ्यापुढं केला. "खाय गा कंपाउंडर. जाणारी जाते, बसणाऱ्यानं खावं." मी खाल्लं. हाताला काम हवं म्हणून मडगार्डखालचा चिखल काडीनं काढत राहिलो. काढून झाला तरी काढत राहिलो. तोवर मला वाटत होतं की मी तिच्यासाठी सायकल बनवली म्हणजे मी तिला काही दिलं. तिथं बसल्यावर वाटलं, दिलं ते दिलं, पण ती गेली तिकडे मला जाता येत नाही. माझ्याजवळ तिकडे जायची सायकलच नाही.

दिवस कलायच्या सुमारास ती आली. नाल्यातून, तशीच, सायकल खांद्यावर. चेहऱ्यावरून काही कळेना. मी उठून उभा राहिलो.

"जीप पुलाजवळ रुतली," ती म्हणाली. "मोठ्या बाई चप्पल हातात घेऊन चालत आल्या. मी तोवर चार बाया तपासून बसली होती. त्यांनी विचारलं, तू कशी आली? म्हटलं सायकलनं. विश्वासच नाही. मग सायकल दाखवली तं हातानं उचलून पाहिली."

"लिहून देतात का वर?"

"देतात. नर्स हजर होती असं." मग ती पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता धुऱ्यावर बसली, पाय पसरून, थकलेली. खांद्यावर पातळ फाटलं होतं आणि खाली लाल झालं होतं. मी म्हटलं, फडकं पुढं सरकवून देतो. ती म्हणाली, "द्या. पण तुम्ही अजून इथंच बसून आहात का जी?"

"मग कोठी जाऊ?"

ती उठली. आम्ही सडकेपर्यंत चालत आलो, ती तिची सायकल धरून, मी माझी ओढत. रात्री मी नागपुरात पोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाची फळी उघडायच्या आधीच मी माझी सायकल उलटी केली आणि पाना घेऊन बसलो. पुढचा मडगार्ड निघाला होता तेव्हा बाबा दात घासत बाहेर आले.

"हे काय करून राहिला बे?"

"मडगार्ड काढून राहिलो."

"काहून? तुले तं इथंच राहाचं आहे. इथं सडक आहे." चूळ भरून ते पुन्हा आले. "पावसाळ्याचे दिवस आहे. मागचं चाक चिखल उडवते, पाठीवर डोक्यापर्यंत पट्टा येते. तू कोठी जाऊन राहिला ते साऱ्या इतवारीले दिसन."

"दिसू द्या," मी म्हटलं, आणि मागचा नट सोडवायला घेतला.